एकटी सायकल, भरवशाची वाट

२०१८ साली महाराष्ट्रातल्या दोघांनी रशियात सायकल चालवली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ मॉस्कोहून निघाले आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकला पोहोचले. सायबेरिया ओलांडणाऱ्या त्या शर्यतीचे अंतर नऊ हजार किलोमीटरहून अधिक होते आणि ते १५ टप्प्यांत, सुमारे २५ दिवसांत कापायचे होते. निझनी नोव्हगोरोद, कझान, पेर्म, येकातेरिनबर्ग अशी शाळेच्या भूगोलातसुद्धा क्वचित भेटणारी जुनी शहरे त्यांच्या चाकांखालून गेली. त्याच वर्षी पुण्याची वीस वर्षांची वेदांगी कुलकर्णी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून जगप्रदक्षिणेला निघाली. १४ देश, सुमारे २९ हजार किलोमीटर आणि १५९ दिवस. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटले, कॅनडात अस्वल मागे लागले आणि रशियातल्या बर्फात तिने एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या.

दोघांचेही कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सत्कार झाले, शाल-श्रीफळ झाले. पण कौतुकाचा बहर ओसरल्यावर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. नागपूरच्या पूर्वेला, रेल्वेने दोन-अडीच तासांवर, महाराष्ट्राच्या अगदी टोकाला गोंदिया जिल्हा आहे. या जिल्ह्यातली अशीच एखादी वीस वर्षांची मुलगी आपली सायकल घेऊन चार दिवसांसाठी एकटी घराबाहेर पडली, तर काय होईल? तिला सायबेरिया नको, विक्रम नको. आपलाच जिल्हा, त्यातले तलाव, देवळे, गुहा आणि जंगलाच्या कडेची गावे तिला पाहायची आहेत. तिला चालवण्याजोगा रस्ता मिळेल का? रात्री पाठ टेकायला छप्पर मिळेल का? आणि ‘एकटीच कुठे निघालीस?’ या प्रश्नातली काळजी कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो?

सायकलच्या लांब प्रवासाचे दोन प्रकार आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक शर्यतीचा. त्यात घड्याळ असते, नियम असतात, सायकलस्वाराच्या मागे मदतनीसांची गाडी असते. पाणी, खाणे, सुटे भाग, औषध त्या गाडीतून येते. २०१७ मध्ये नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि त्यांच्यापाठोपाठ काही तासांच्या अंतराने डॉ. समर्थ यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली, ती या प्रकारातली. दुसरा प्रकार भ्रमंतीचा. त्यात मागे गाडी नसते. पाणी वाटेतल्या हापशाचे, जेवण वाटेतल्या खानावळीचे, पंक्चर वाटेतल्या दुकानात आणि मुक्काम जिथे कोणी ‘या’ म्हणेल तिथे. शर्यतीत माणसाची परीक्षा होते. भ्रमंतीत तो ज्या मुलखातून जातो त्या मुलखाची परीक्षा होते. पहिल्या परीक्षेत आपली माणसे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहेत. दुसऱ्या परीक्षेला आपण अजून बसलेलोच नाही.

अशा भ्रमंतीची आपल्याकडची परंपरा काही आजकालची नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून परतले. त्याच १९२८ साली रशियातल्या प्स्कोव्ह या प्राचीन शहरात वाढलेला ग्लेब त्राविन कामचत्काहून एकटा सायकलवर निघाला आणि १९३१ पर्यंत सोव्हिएत देशाच्या सीमेने, आर्क्टिकच्या गोठलेल्या किनाऱ्यासकट, फिरत राहिला.

पण या सगळ्यांच्या साडेचारशे-पाचशे वर्षे आधी एक रशियन माणूस आपल्याच दारात येऊन गेला होता. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला अफनासी निकितिन हा व्यापारी १४७० च्या सुमारास समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. ऐन पावसाळ्यात तो जुन्नरात अडकून पडला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याचा एकुलता एक घोडा काढून घेतला आणि तो एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने परत मिळाला. निकितिनने लिहून ठेवलेल्या हकिकतीत परदेशी वाटसरूंसाठी इथे सराया असतात आणि तिथे त्यांचे जेवण रांधले जाते, अशीही नोंद आहे. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच तो वारला. त्याच्याजवळ सायकल नव्हती एवढेच. बाकी एकट्या वाटसरूचा सगळा जमाखर्च त्याच्या हकिकतीत आहे. एक माणूस लुबाडतो, दुसरा सोडवतो, तिसरा भाकरी देतो. प्रवास पार पडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाच्या जोरावर.

रशियाचाच आणखी एक दाखला या विषयाला लागू पडतो. मॉस्कोच्या ईशान्येला जुन्या गावांची एक माळ आहे : सेर्गियेव पोसाद, पेरेस्लाव्ल, रोस्तोव, यारोस्लाव्ल, कोस्त्रोमा, सुझदाल, व्लादिमीर. पांढऱ्या दगडांची चर्चे, मातीचे तट, मठ, लाकडी घरे. १९६७ साली युरी बिच्कोव या कलासमीक्षकाने या गावांतून फेरी मारून एका वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली आणि तिला ‘सोनेरी वर्तुळ’ असे नाव दिले. गावे आधीपासून होती, रस्ते होते, चर्चे होती. नव्हते ते फक्त नाव आणि ही गावे एका फेऱ्यात पाहता येतात ही कल्पना. पुढे हेच नाव सरकारी नकाशांत शिरले आणि जगभरच्या प्रवाशांच्या तोंडी बसले. सायकलवर एकट्याने फिरणाऱ्यांनाही हा फेरा मानवला, कारण एका जुन्या गावाहून दुसरे गाव दिवसा-दोन दिवसांच्या अंतरावर येते. यांतले सुझदाल तर दहा हजारांच्या आतबाहेर वस्तीचे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने त्याला वगळले, म्हणून ते मागे पडले आणि मागे पडले म्हणूनच टिकले. १९९२ मध्ये व्लादिमीर आणि सुझदालची स्मारके जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आज तिकडे जाणे सोपे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांतल्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड रशियात चालेनाशी झाली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते : प्रवाशाने खिशात रोकड बाळगावी, म्हणजेच लुटले जाण्याची भीतीही बाळगावी. भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून इंटरनेटवरून व्हिसा मिळतो, पण एकट्याने जावे असे आज कोणी घरचे माणूस सुचवणार नाही. तेव्हा रशियाची गावे नकाशावर पाहू आणि त्यांच्यापासून घ्यायची ती कल्पना घेऊ.

गोंदियाची कथा सुझदालच्या नेमकी उलटी आहे. सुझदालला रेल्वेने वगळले. गोंदियाला रेल्वेनेच घडवले. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ गेले, पुढे बंगाल-नागपूर रेल्वे झाली, जबलपूरकडे जाणारा सातपुड्यातला छोट्या मापाचा फाटा निघाला आणि एका खेड्याचे जंक्शन झाले. आता तो फाटाही मोठ्या मापाचा झाला आहे. धानाच्या गिरण्या, विडीचे कारखाने, तेंदूपानांचा व्यापार हे सगळे रुळांच्या आधाराने वाढले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई-हावडा मार्गावरून रोज हजारो माणसे या जिल्ह्यातून जातात आणि फलाटावरचा चहा पिऊन पुढे निघून जातात. जिल्ह्याच्या आत काय आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

आत एक वर्तुळ आहे. त्याला अजून नाव नाही. गोंदियाजवळचे नागऱ्याचे जुने शिवमंदिर पाहून निघावे. गोरेगावमार्गे मुरदोलीचे जंगल ओलांडून कोहमाऱ्याला यावे. तिथे मुंबई-कोलकाता महामार्ग आडवा येतो. महामार्गाच्या एका अंगाला नागझिऱ्याचे अरण्य, दुसऱ्या अंगाला नवेगावचे. १९७० चे अभयारण्य आणि १९७५ चे राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे नवेगावबांधचा तो विस्तीर्ण जलाशय, जो कोलू पाटील कोहळी याने बांधवला असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे वर्षे काढली आणि या पाण्याला मराठी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली. तिथून अर्जुनी मोरगाव, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि प्रतापगड. प्रतापगडावर महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गणी हारुनींचा उरूसही भरतो. जवळच गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे; धानाच्या बांध्यांमध्ये एकाएकी प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. मागे वळून चिचगडमार्गे देवरी, पुढे सालेकसा, दरेकशाजवळचा हाजरा फॉल आणि कचारगडच्या गुहा. माघी पौर्णिमेला देशभरातले गोंड भाविक आपल्या आद्य स्थानाच्या दर्शनाला इथे येतात. शेवटी आमगाववरून पुन्हा गोंदिया. सगळा फेरा अडीचशे-तीनशे किलोमीटरचा. तब्येतीने चालवली तर सायकलवर पाच दिवसांचा.

गेल्या काही हिवाळ्यांत मी हा फेरा तुकड्यातुकड्यांनी सायकलवर केला आहे. साठी उलटलेल्या माणसाला जो वेग झेपतो त्या वेगाने. मोटारीतून या मुलखात धान आणि जंगल एवढेच दिसते. सायकलवर बोडी दिसते, बोडीतला कमळकंद दिसतो, माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवर वाळत घातलेली जाळी दिसतात. कापणी झालेल्या बांधीत उभी असलेली सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रातले सारस आता जवळपास याच जिल्ह्यात उरले आहेत आणि मोटारीचे दार वाजले की ते उडतात. सायकल त्यांना चालते. आणि माणसे भेटतात. ‘कुठं जाऊन राहिले बाबूजी?’ हा पहिला प्रश्न. ‘एकटेच? घरी सांगून निघाले ना?’ हा दुसरा. तिसऱ्या प्रश्नाआधी चहा आलेला असतो.

मग अडते कुठे? पहिल्यांदा रस्त्यावर अडते. आपल्याकडे रस्ता सुधारला म्हणजे तो रुंद झाला आणि वाहने वेगाने जाऊ लागली, असा हिशेब आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, सायकलचा तर विषयच नाही. तो पुढे भंडारा-गोंदियाकडे नेण्याची योजना शासनाने आखली आहे. द्रुतगती मार्गावर सायकल असू नये, हे योग्यच आहे. माझे म्हणणे त्याच्या शेजारच्या रस्त्यांबद्दल आहे. जिल्ह्याच्या साध्या रस्त्यांवर धानाचे ट्रक आणि रेतीचे टिप्पर धावतात. डांबराची कड संपते तिथे मुरमाची साइडपट्टी सुरू होते आणि पावसाळ्यानंतर ती डांबरापासून चार-सहा बोटे खाली गेलेली असते. मागून भोंगा वाजला की सायकलस्वाराने त्या खड्ड्यात उतरायचे, हा अलिखित नियम. मोटारीत बसणाऱ्याला साइडपट्टी दिसतही नाही. सायकलवाल्याच्या लेखी रस्ता म्हणजे तीच दीड हात पट्टी. ती धड नसेल तर बाकीचा सगळा रस्ता दुसऱ्यांचा.

दुसऱ्यांदा मुक्कामावर अडते. तालुक्याच्या एका गावात लॉजच्या गल्ल्यावरच्या माणसाने मला खोली नाकारली. कारण विचारले तर म्हणाला, ‘एकट्या माणसाला देत नाही, आणि सायकल कुठं ठेवणार?’ मोटार घेऊन आलो असतो तर त्याने हा प्रश्न विचारला नसता. माझ्याजवळ पांढरे केस आणि निवृत्तीवेतनाचे ओळखपत्र आहे. तरीही ही गत. विशीतल्या मुलीला काय उत्तर मिळेल, याची कल्पना करता येते. सरकारी विश्रामगृहे आहेत, पण ती साहेबांच्या दौऱ्यासाठी राखून ठेवलेली. व्याघ्रप्रकल्पाच्या दारांशी निवासाची सोय आहे, पण ती जीपमधून येणाऱ्या, आधी नोंदणी करून दोन रात्रींचे पैसे भरणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून केलेली.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हा पट्टा अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. त्या वर्षांत एकटा, अनोळखी, कारणाशिवाय फिरणारा माणूस दोन्ही बाजूंना संशयास्पद वाटे. जंगलातल्यांना तो पोलिसांचा खबऱ्या वाटे आणि पोलिसांना जंगलातल्यांचा निरोप्या. मधल्या गावकऱ्याला शहाणपण एकच होते : दार लावून घेणे. ती भीती आता ओसरते आहे, पण भीती जाते तेव्हा तिच्याबरोबर सवय जात नाही. दार लावायची सवय मोडायला दार ठोठावणारे कोणीतरी वारंवार यावे लागते, आणि त्याच्यापासून काही वाईट होत नाही हा अनुभव साचावा लागतो. बँकेतली पतसुद्धा अशीच साचते, लहान लहान व्यवहारांनी.

आणि पतीवरून सायकलचा एक जुना हिशेब मांडायला हवा. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही ग्रामीण शाखांतून सायकलींसाठी कर्जे देत असू. ढीवर मासोळी विकायला सायकल घेई, कोणी बांगड्या, कोणी आइसकांडी, कोणी कापड. सायकल बँकेला नजरगहाण, हप्ता किरकोळ. त्या काळात लग्नाच्या बोलणीत घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही तीन नावे हमखास निघत. ग्रामपंचायत सायकलवर कर बसवी आणि पितळी बिल्ला देई. म्हणजे सायकल ही मालमत्ता होती, प्रतिष्ठा होती आणि पोटापाण्याचे साधनही होती. नंतर मोटारसायकल आली, तिची कर्जे आली आणि सायकल हळूहळू गरिबीची खूण झाली. ज्याच्याकडे दुसरे काही नाही तो सायकलवर, असे समीकरण ठरले. लांब जायला मोटारसायकल परवडते त्याने ती घ्यावी. त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण प्रतिष्ठा गेली की रस्त्यावरचा हक्कही जातो, हे आपण पाहिले आहे.

या घसरणीत एकच प्रवाह उलटा वाहिला, तो मुलींचा. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा मुलींच्या माध्यमिक शाळाप्रवेशात ३२ टक्के वाढ झाल्याचे आढळले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. गोंदिया जिल्ह्यालाही ही योजना लागू आहे. सकाळी साडेनऊला कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहावे. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलींच्या सायकलींचा थवा येतो, हसतखिदळत निघून जातो. या जिल्ह्यातली सर्वांत जास्त सायकल चालवणारी नागरिक आज पंधरा वर्षांची मुलगी आहे.

ती बारावी झाली की सायकलचे काय होते? धाकटी बहीण असेल तर तिच्याकडे जाते, नसेल तर पडवीत उभी राहते. मुलगी बाहेर पडते ती कोणाच्या तरी मागे बसून. पाच किलोमीटरच्या शाळेपुरता तिला दिलेला स्वातंत्र्याचा परवाना बारावीच्या निकालाबरोबर संपतो. शासनाने तिला वाहन दिले. वाहनाला पुढे जायला वाट दिली नाही. माझ्या दृष्टीने या विषयातला कळीचा मुद्दा हा आहे. सायकलभ्रमंती हा शहरातल्या हौशी लोकांचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण जिथे हजारो मुलींना सायकल येते, सायकल आहे, आणि तरीही गावाच्या शिवेपलीकडे एकटीने नेता येत नाही, तिथे तो खेळाचा प्रश्न राहत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अशी रीतच नाही. हे मात्र मला मान्य नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असते. दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. आसपासच्या दहा-वीस गावांची माणसे छकड्यांवर, सायकलींवर, पायी येतात. बायाबापड्या लेकरे घेऊन येतात. मंडईच्या दिवशी गावातल्या घरटी पाहुणे असतात आणि पाहुण्याचा पाहुणाही जेवून जातो. थंडीतला रात्रीचा रस्ता आणि अनोळख्याला पानावर बसवणे, या दोन्ही गोष्टी या मुलखाच्या अंगवळणी आहेत. फक्त त्या एका रात्रीपुरत्या आणि घोळक्यापुरत्या राहिल्या आहेत. त्यांचा विस्तार करायचा आहे. नवे काही आणायचे नाही.

तो कसा करता येईल, याचा विचार मी जुन्या सवयीने खर्चाच्या रकान्यापासून करतो. ज्या रस्त्याचे डांबरीकरण व्हायचेच आहे त्याची साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून दाबली, एवढ्याने निम्मे काम होते. वर्तुळावरच्या आठ-दहा गावांत ग्रामपंचायतीने एक खोली, एक कुलूप आणि एक स्वच्छ संडास वाटसरूसाठी राखावा. खोलीची किल्ली महिला बचत गटाकडे आणि नोंदवही पोलीस पाटलाकडे असावी. बाई एकटी आली तर खोलीवर तिचा हक्क पहिला. जेवण गटाने रांधावे आणि त्याचे रास्त पैसे घ्यावेत. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. त्यात शेतकऱ्याच्या घरी पाहुणा उतरवण्याला वाव आहे. एसटीच्या स्थानकावर हवा भरायचा पंप आणि पान्यांचा संच साखळीने बांधून ठेवला तरी पुरे, कारण गावोगावची सायकलची दुकाने आता मोटारसायकलींची झाली आहेत.

उत्पन्नाच्या रकान्यात काय येईल? जीपमधून येणारा पाहुणा आपले बहुतेक पैसे एका दाराशी, एका हॉटेलात खर्च करतो. सायकलवाला दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबतो; त्याला भूक लागते, तहान लागते, नट ढिला होतो. त्याचे पैसे थोडे असतात, पण ते पोह्यांच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर, पंक्चरवाल्याकडे, गटाच्या चुलीपाशी पडतात. मोठी ठेव एका खात्यात पडण्यापेक्षा लहान ठेवी शंभर खात्यांत पडल्या तर शाखा टिकते, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले होते.

काळजीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. मे महिन्यातले ऊन इथे जीव घेऊ शकते आणि पावसाळ्यात नाले रस्त्यावरून वाहतात. तेव्हा हा फेरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. वाघ आणि अस्वल ही इथली खरी रहिवासी मंडळी आहेत. अभयारण्याच्या आत सायकल नेण्याचा हट्ट नको आणि जंगलाच्या कडेचा रस्ता पहाटे किंवा तिन्हीसांजेला चालवू नये. ऊन वर आल्यावर निघावे, चारच्या आत मुक्काम गाठावा. आणि या फेऱ्याला नाव मिळालेच, तर त्या नावावर जमिनींचे भाव चढवून तलावाच्या पाळीवर रिसॉर्ट उभे राहणार नाहीत, याकडे गावांनी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे.

हा लेख वाचून कोणी उत्साहाने सायकल रॅली काढायचे ठरवतील, अशी मला थोडी धास्ती आहे. रॅली काढणे सोपे असते. पाहुणे झेंडा दाखवतात, सगळ्यांना टोप्या मिळतात, पुढे पोलिसांची गाडी असते, मागे रुग्णवाहिका. त्या दिवशी रस्ता सुरक्षित असतो, खोल्या उघड्या असतात आणि मुलींचे फोटो छापून येतात. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. सालेकशाची एखादी मुलगी बारावीचा निकाल लागल्यावर पडवीतली सायकल पुसून, हवा भरून, आईला सांगून एकटी निघाली. नवेगावबांधचे पाणी पाहिले, प्रतापगड चढली, तिबेट्यांच्या वसाहतीत जेवली आणि पाचव्या दिवशी घरी आली. आणि ही बातमी छापण्याजोगी कोणालाच वाटली नाही, तर त्या वर्षी गोंदिया जिल्ह्याने प्रगती केली असे मी मानेन.